अडीचात पाऊण किती वेळा?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सहावीत जाणारं मूल असेल, तर पहिल्या सत्रात केव्हातरी एक संध्याकाळ अशी येतेच. गॅसवर कुकरची शिट्टी होत असते, दारात दूधवाला उभा असतो, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन मुलगी विचारते, “आई, हे कसं करायचं गं?” वहीत लिहिलेलं असतं ३/४ ÷ १/८. आपलं उत्तर बहुतेक घरांत ठरलेलं असतं. “बाबा आले की विचार.” नाहीतर, “क्लासच्या सरांना विचार.”

मी स्वतः मराठी घेऊन बी. ए. झाले. करमाळ्यातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. गणिताचे तास कुणीच घेत नसलं की ते नवीन माणसाच्या गळ्यात पडतात, तसे ते माझ्याकडे आले. वर्गात मुलांना विचारलं, की अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं कसं, तर सगळा वर्ग एका सुरात सांगतो, “पहिला तसाच ठेवायचा, भागिलेचं गुणिले करायचं, दुसरा उलटा करायचा!” पुस्तकात ह्या उलट्या केलेल्या संख्येला ‘गुणाकार व्यस्त’ असं भारदस्त नाव आहे. ठीक. पण उलटा का करायचा? असं विचारलं, की तोच वर्ग छताकडे बघायला लागतो.

बेरीज-वजाबाकीपर्यंत मूल स्वतःच्या डोळ्यांनी गणित बघत असतं. चार चिंचोके, त्यात तीन चिंचोके. अपूर्णांकांच्या ह्या प्रकरणात ते पहिल्यांदा डोळे मिटतं आणि नियमावर विसंबतं. एकदा मिटलेले डोळे पुढे बीजगणितातही मिटलेलेच राहतात. त्यातून मुलगी असली, की त्याच सुमाराला तिच्या कानावर घरातलं आणखी एक वाक्य पडतं, “जाऊ दे, मलासुद्धा गणित कधी आलं नाही.” आपण तिला बरं वाटावं म्हणून म्हणतो. ती मात्र ते आईकडून आलेल्या पाटल्यांसारखं जपून ठेवते.

आणि खरं सांगू का, हे वाक्य मुळात खोटं आहे! सकाळी उठल्यापासून आपण अपूर्णांकच तर बोलत असतो. अर्धा लिटर दूध, पाव किलो शेंगदाणे, पाऊण वाटी गूळ, दीड भांडं पाणी, सव्वा रुपयाची दक्षिणा, पावणेदोन मीटर कापड, अडीच किलो ज्वारीचं दळण. पुस्तकात दीड लिहायचा तर एक पूर्णांक एक द्वितीयांश एवढं लांबण लावावं लागतं. आपण म्हणतो ‘दीड’, की संपलं. जुन्या वाण्यांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर बघा. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. एकाच्या आकड्यापुढे दोन रेघा ओढल्या, की झाला दीड.

आमच्या आजेसासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. शाळा चौथीपर्यंत. पण भाजीवाल्यानं अठ्ठावीस रुपये किलोचे कांदे पाऊण किलो तोलले, की त्याच्या तोंडून आकडा निघायच्या आत ह्यांनी एकवीस रुपये काढून हातावर ठेवलेले असतात. त्या काही हिशेब करत नाहीत, त्यांना ते पाठच असतं. त्यांच्या वेळी एके एकपासून तीसपर्यंतच्या पाढ्यांवर भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे वेगळे पाढे घोकून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. त्यात चारला तीन, आठला सहा, अठ्ठावीसला एकवीस. औटकी म्हणजे साडेतीनचा. ‘औट घटकेचं राज्य’ असं आपण सहज म्हणतो ना, त्यातला औट तो हाच, साडेतीन.

ही घोकंपट्टी हौसेची नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा जगात पाव-पाऊण आल्याशिवाय बाजारच होत नसे. अधेली, पावली, चवली ही नाणीच मुळी रुपयाचे अर्धा, पाव आणि आठवा भाग होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि मीटर आले, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. त्यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. दशांश पद्धत सोपीच आहे आणि औटकी पाठ करून आज कुणाचं भलं व्हायचं नाही. पण पाढे जाताना एक गोष्ट निसटली. जिभेवरचा ‘पाऊण’ आणि वहीतला ३/४ ही एकाच माणसाची घरातली आणि शाळेतली नावं आहेत, हे मुलांना कुणी सांगेनासं झालं.

तेव्हा पहिलं काम हे. वही उघडायच्या आधी मुलीला तोंडी विचारा. अर्ध्याचा अर्धा किती? ती म्हणेल, पाव. झाला की गुणाकार! १/२ × १/२ = १/४. गुणाकारातला ‘चा’ ऐकू यायला लागला, की निम्मं काम झालं. अर्ध्या‘चा’ अर्धा, पाऊण‘चा’ तिसरा हिस्सा. जिथे ‘चा’ येतो, तिथे गुणिले. आपल्या भागात ज्वारी अजूनही कुणी कुणी पायलीनं मोजतं. पायलीचे चार शेर, अर्धा शेर म्हणजे मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं, चिपट्याचं अर्धं कोळवं. कोळवं हे शेराचा कितवा हिस्सा? अर्ध्याच्या अर्ध्याचा अर्धा, म्हणजे आठवा. घरात जुनी मापं असतील तर माळ्यावरून काढा आणि धान्य ओतून दाखवा. नसतील तर घडीची पोळी आहेच. एकदा दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव.

मात्र इथे मुलं एका ठिकाणी ठेचाळतात. आजवर ती गुणाकार म्हणजे वाढणं असं शिकलेली असतात, आणि इथे अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं तर उत्तर लहान! त्यांना वाटतं काहीतरी चुकलं. सांगायचं, की बाळ, एकापेक्षा कमी वेळा घेतलं तर कमीच मिळणार. पाच रुपये दोन वेळा घेतलेस तर दहा, एकदा घेतलेस तर पाच, आणि अर्ध्यांदाच घेतलेस तर अडीच.

२/३ × ३/४ सारखी उदाहरणं तोंडी होत नाहीत, त्याला रद्दीतला कागद घ्या. उभ्या बाजूनं तीन सारख्या घड्या, त्यातले दोन भाग पिवळ्या खडूनं रंगवायचे. कागद उलगडून आता आडवे चार भाग, त्यातले तीन निळ्या खडूनं. एकूण चौकोन झाले बारा, आणि दोन्ही रंग चढलेले सहा. बारांत सहा म्हणजे निम्मा. खालचे आकडे एकमेकांना का गुणायचे (तीन चोक बारा चौकोन) आणि वरचे का (दोन त्रिक सहा दुरंगी चौकोन), ते त्या कागदावरच दिसतं. एकदा हे पाहिलेलं मूल नियम विसरलं तरी पुन्हा घडी घालून काढतं.

करमाळ्याच्या मैत्रिणींना आणखी एक सोय आहे. आपल्या कमलाभवानीच्या देवळाची विहीर शहाण्णव पायऱ्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. शहाण्णव हा आकडा अपूर्णांकांसाठी फार सोयीचा, कारण तो दोनानं, तिनानं, चारानं, सहानं, आठानं, बारानं कशानंही निःशेष जातो. देवीला जाल तेव्हा मुलांना विचारा, निम्म्या पायऱ्यांचा तिसरा हिस्सा किती? सोळा. त्याचा पाव? चार. मग १/२ × १/३ × १/४ म्हणजे चोविसावा हिस्सा, आणि चोवीस चोक शहाण्णव. फक्त हे वर उभं राहून, मुलाचा हात धरून विचारायचं, बरं का!

अपूर्णांकांची अशी साखळी घालण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची लेक, तिच्या लग्नाच्या घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पुढे आली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. पण लीलावती नावाच्या हुशार मुलीला हाक मारून घातलेलं गणित मात्र त्यात आहे. पावणेनऊशे वर्षांपूर्वी एक विद्वान गणित घालताना मुलीला हाक मारतो, आणि आपण तिला म्हणतो, बाबा आले की विचार!

त्या ग्रंथात एका कंजूष माणसाचं उदाहरण आहे. याचकानं फारच विनवणी केली तेव्हा त्या गृहस्थानं त्याला एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाचा पाऊण, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा, आणि त्याचाही पाव एवढं दान दिलं. तर दिलं किती? मुलांना घालून बघा, फार रंगतात. १/२ × २/३ × ३/४, वरचे दोन-तीन खालच्या दोन-तिनांशी उडतात आणि राहतो पाव. पावाचा पाचवा हिस्सा १/२०, त्याचा सोळावा १/३२०, त्याचा पाव १/१२८०. आता द्रम्म म्हणजे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या. सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट वीसे बाराशे ऐंशी. म्हणजे एवढी लांबण लावून त्या गृहस्थानं दिली नेमकी एक कवडी!

‘चा’च्या साखळीचं दुसरं उदाहरण इतकं गमतीचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे जुन्या जमिनीच्या कागदांवर हिस्से आण्या-पैंत लिहिलेले असत. सगळी जमीन म्हणजे एक रुपया, त्याचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. पाच आणे चार पै असं दिसलं, की समजायचं, हा तिसरा हिस्सा. समजा, बारा एकर जमीन तीन भावांत सारखी आहे आणि त्यातले एक तुमचे वडील. वडिलांमागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही, असे चार सारखे वाटेकरी. तर तुमचा वाटा तिसऱ्या हिश्श्याचा चौथा हिस्सा. १/३ × १/४ = १/१२. बारा एकरांत एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. आण्यांत म्हणाल तर एक आणा चार पै. आमच्याकडे सहावीच्या पहिल्या सत्रात शिकवतात ते एवढंच गणित.

महाराष्ट्रात १९९४ साली आणि पुढे २००५ साली देशभर कायदा बदलला आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी आपल्यातल्या कितीतरी जणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ती करावी की करू नये, ह्यात मी पडत नाही. भाऊबीजेला उघडणारं दार गुंठ्यात मोजता येत नाही, हे मलाही कळतं. पण जे आपण सोडतो आहोत ते किती, हे सही करणारीनं स्वतःच्या हातानं काढलेलं असावं, एवढं मात्र मला फार वाटतं. कुणी म्हणालं, “ताई, तुझ्या वाट्याला असून असून काय, चार-दोन गुंठे,” तर कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं १/३ × १/४ करून बघता आलं पाहिजे. मग सही करायची तर समजून करावी.

आता भागाकार. ह्यालाच मुलं जास्त घाबरतात, आणि शिवणकाम येणाऱ्या बाईला तो सगळ्यांत सोपा जातो, हा माझा अनुभव आहे. एका ब्लाऊजला पाऊण मीटर टू बाय टू लागतं असं धरा. (अंगानं भरलेल्या भगिनींनी मनातल्या मनात मीटर धरावं.) ठाणात सहा मीटर उरलं आहे. किती ब्लाऊज होतील? आपण काय करतो? मीटरचे चार पाव, म्हणून सहा मीटरचे चोवीस पाव. एका ब्लाऊजला तीन पाव. चोवीस भागिले तीन, आठ ब्लाऊज.

हात जरा थांबवा आणि काय केलं ते बघा. आधी सहाला चारानं गुणलं, मग तिनानं भागलं. चारानं गुणून तिनानं भागणं म्हणजेच ४/३ नं गुणणं. आणि ४/३ म्हणजे उलटा केलेला ३/४! तो ‘उलटा करून गुणा’चा मंत्र इथून आला. वरचा आकडा खाली जातो, कारण तेवढे तुकडे एका ब्लाऊजला लागतात. खालचा वर येतो, कारण एका मीटरचे तेवढे तुकडे होतात. हे एकदा कापडावर कळलं, की मूल चुकून पहिलाच अपूर्णांक उलटा करत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त चूक होते ती हीच.

सुरुवातीला तर मी उलटं करायला सांगतच नाही. दोन्ही संख्या एकाच तुकड्यांत मोजायला सांगते. ३/४ ÷ १/८ मध्ये पाऊणचे आठवे भाग करा. पाऊण म्हणजे सहा अष्टमांश. सहा अष्टमांशांत एक अष्टमांश किती वेळा? सहा वेळा. जसं सहा चमच्यांत एक चमचा सहा वेळा. पुस्तकाच्या भाषेत ह्याला छेद समान करणं म्हणतात. उत्तर भागल्या जाणाऱ्या संख्येपेक्षा मोठं येतं, ह्याचंही मग आश्चर्य वाटत नाही. माप लहान असलं, की ते जास्त वेळा भरावं लागतं. तांब्याऐवजी पेल्यानं बादली भरून बघा म्हणावं.

‘लीलावती’तही भागाकाराचा हाच नियम आहे. भाजकाचे अंश-छेद उलटे करून गुणावं. त्यांची उदाहरणांची मांडणी मला आईसारखी वाटते. आधी दोन पूर्णांक एक तृतीयांश गुणिले दोन पूर्णांक एक सप्तमांश असा भयंकर दिसणारा गुणाकार घातला आहे. ७/३ × १५/७, साताशी सात उडाले, पंधरा भागिले तीन, उत्तर नेमके पाच. आणि लगेच भागाकारात तेच पाच घेऊन दोन पूर्णांक एक तृतीयांशानं भागायला सांगितलं आहे. आधीचा गुणाकार ज्यानं केला, त्याला उत्तर माहीतच असतं! मुलांचा ताळा असाच घ्या. भागाकार केला, की उत्तराला भाजकानं गुणायचं, मूळ संख्या परत आली की बरोबर.

ही विद्या लिहून ठेवून भागलं नाही, ती शिकवायची सोयही आपल्याच मुलखात झाली. करमाळ्यापासून लांब, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला मिळालेल्या देणग्यांचा तो लेख आहे, शके ११२८ मधला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं ते लिहिलं आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारानं उचलला, हे मला फार योग्य वाटतं.

शिकवायला बसाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. वेळ पाव तासापेक्षा जास्त नको, आणि कणीक मळता मळता शिकवलं तर उत्तम, कारण हात गुंतलेले असले की आपण मुलाच्या हातातली पेन्सिल ओढून घेत नाही. आणि आकडेमोडीच्या आधी अंदाज विचारा. उत्तर एकापेक्षा मोठं येईल का लहान? एवढंच. अंदाज चुकला तरी रागवू नका.

शेवटी ह्या लेखाच्या नावातलं उदाहरण राहिलं, आणि त्यात एक खोच आहे. अडीच मीटर कापडात पाऊण मीटरचे किती ब्लाऊज? अडीच म्हणजे दहा पाव, पाऊण म्हणजे तीन पाव. दहा भागिले तीन. वहीत उत्तर येतं ३ पूर्णांक १/३. तुमची मुलगी हुशार असेल तर कापड अंथरून मोजेल आणि म्हणेल, “आई, पुस्तक चुकलं! तीन ब्लाऊजांना सव्वादोन मीटर गेलं, उरलं पाव मीटर. मग १/३ कसं?” तिला शाबासकी द्या, कारण हा प्रश्न वर्गात फार थोड्यांना पडतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पाव आहे ते मीटरचं. एक तृतीयांश आहे ते ब्लाऊजचं. आपण विचारलं होतं ‘किती ब्लाऊज’, म्हणून उत्तरही ब्लाऊजांतच आलं. तीन ब्लाऊज आणि वर एका ब्लाऊजच्या कापडाचा तिसरा हिस्सा. तीन पावांतला एक पाव म्हणजे तिसराच हिस्सा की नाही? हे तिला पाव मीटरचा तुकडा पाऊण मीटरच्या तुकड्यावर तीनदा ठेवूनच दाखवा, नुसतं सांगू नका.

त्या उरलेल्या पाव मीटरचं म्हणाल, तर पन्हा बरा असेल तर त्यात दोन आखूड बाह्या निघतात. पाठ-पोट दुसऱ्या कापडाचं घेतलं, की चौथा ब्लाऊजही होतो. पण ते गणित शिवणाच्या पानावरचं.